फटफटीच्या चेनचं हत्यार

आमच्या गिरगावातल्या घरी फटफटी आली ती माझ्या लग्नाच्या आधी. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. मूळची मातकट हिरवी, ह्यांनी तिला काळा रंग दिलेला. हे म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि आता मुद्दाम घ्यायला गेले तर माझ्याच कानाला ते परकं वाटेल. हे फोर्टातल्या एका कचेरीत नकाशे काढायचे. सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. "ट्रामला काय धाड भरली आहे?" असं ते अधूनमधून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वर्तमानपत्र उघडायचे. त्या गाडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

गाडी दणकट होती, पण तिची चेन जुनी झाली होती. वापरून वापरून ती सैल पडायची, मग एखादी कडी काढून आखूड करावी लागायची. हे ते काम वाडीच्या दारात बसून करायचे. चेन लोखंडाच्या तुकड्यावर ठेवायची, कडीच्या पिनेवर जाड खिळा धरायचा आणि हातोडी मारायची. कधी पिन वाकायची, कधी ह्यांचं बोट चेचायचं. शेवटी एका रविवारी हे म्हणाले, "चल, हत्यारच घेऊन येऊ." लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याबरोबर दोघांनीच बाहेर पडायला मिळतंय, मग नाटक असो की लोखंडाचं दुकान, मला सारखंच होतं.

भेंडीबाजाराच्या अंगाला जुन्या अवजारांचं एक दुकान होतं. दुकानदाराने गोणपाटावर दोन हत्यारं मांडली. एक लहान, मुठीत मावणारं. चेनची कडी त्याच्या खाचेत बसवायची, वरचा स्क्रू फिरवायचा, की त्याच्या टोकाची सुई पिनेला पलीकडे ढकलायची. चेन तुटली. एवढंच त्याचं काम. दुसरं चांगलं हातभर लांब आणि भलतंच जड. ते चेन तोडायचंही आणि टोक बदललं की नवीन पिनेचं डोकं दाबून पसरवायचंही, म्हणजे कडी कायमची बंद. त्याला ते रिव्हेट मारणं म्हणत.

"मला तोडायचं हवंय," हे म्हणाले. "जोडायला क्लिप आहेच."

ही क्लिप म्हणजे पोलादाची एक चपटी, माशाच्या आकाराची पट्टी. जोडकडीच्या दोन पिनांवर बाहेरून सरकवून बसवायची. बोटांनी लावता येते, पक्कडीने काढता येते.

"साहेब, क्लिप निघते पण," दुकानदार म्हणाला. "रिव्हेट निघत नाय."

"निघत नाही म्हणूनच नको. रस्त्यात काढायची वेळ आली तर?" हे हसले आणि लहान हत्यार कोटाच्या खिशात टाकून बघितलं. "आणि हे खिशात मावतं."

त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. मुंबईतल्या कितीतरी फटफट्या क्लिपवरच धावत होत्या.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरगावात रोज कुठे ना कुठे सभा असायची. पहाटे प्रभातफेऱ्या निघायच्या, भिंतींवर डांबराने घोषणा लिहिलेल्या असायच्या. सरकारची नोकरी करून केस पिकलेले मामंजी मोर्चात कधी गेले नाहीत, पण मोर्चा वाडीपाशी आला की खिडकीत उभे राहायचे आणि घोषणा संपेपर्यंत हलायचे नाहीत. मग हरताळ सुरू झाले. दगडफेक, अश्रुधूर, आणि त्यानंतर गोळीबाराच्या बातम्या. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परत येईल याचा भरवसा राहिला नव्हता.

अशाच एका हरताळाच्या वेळी मी दादरला माहेरी अडकले होते. आईला ताप होता म्हणून गेले आणि ट्राम-बस बंद झाल्या. दोन-तीन दिवसांनी जरा निवळल्यासारखं वाटलं, तेव्हा हे भर दुपारी फटफटी घेऊन मला न्यायला आले. आई म्हणाली, "जावईबापू, आज नका निघू." हे म्हणाले, "रस्ते मोकळे आहेत. आत्ताच तर आलो." मी मागे बसले, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पदर कमरेला खोचून.

परळपर्यंत सगळं ठीक होतं. दुकानं बंद, रस्त्यावर विटांचे तुकडे, मधेच जळलेल्या टायरचा काळा डाग. लालबागच्या अलीकडे माणसं दिसायला लागली. चाळींच्या तोंडाशी घोळके उभे होते. दूर कुठेतरी फटाके फुटावेत तसे आवाज आले. ह्यांनी मान न वळवता विचारलं, "ऐकलंस?" मी "हो" म्हणाले. ह्यांनी वेग वाढवला.

आणि अगदी जवळ, माझ्या पायाशीच म्हणावं इतक्या जवळ, कडाड्‌ असा आवाज झाला. गाडीचं मागचं चाक जागच्या जागी थांबलं. आम्ही दोघं रस्त्यावर पडलो.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी बसले होते एवढं आठवतं. माझ्या हातात काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. हे कुशीवर पडले होते, डोकं फुटपाथच्या कडेला लागलेलं, आणि पँटचा डावा पाय गुडघ्याखाली लाल होत होता. मी ते बघत होते. मला रडू आलं नाही, ओरडता आलं नाही. ते लाल हळूहळू पसरतंय, एवढंच मला कळत होतं.

"गोळी लागली रे! गोळी!" कोणीतरी ओरडलं.

माणसं धावली. अर्ध्या चड्डीतले, बनियनवरचे गिरणीतले कामगार. एका म्हाताऱ्या बाईने मला काखेत धरून उठवलं. "घाबरा नको गो बाय, आम्ही आसंव," ती म्हणत होती. मीही तेच धरून चालले होते, की गोळी लागली. गोळीबाराचे आवाज आले, माझा नवरा पडला, रक्त आलं. दुसरं काय असणार?

हे डोळे अर्धवट उघडून पुटपुटत होते, "चेन... चेन गेली..."

त्या बाईने माझ्या गळ्याकडे बघितलं. "सोन्याची चेन पडली काय गो?" आणि ती खरंच वाकून रस्त्यावर शोधायला लागली. दोघं-तिघं आणखी वाकले. पलीकडे गोळीबार चाललेला, आणि ती परकी माणसं माझी सोन्याची साखळी शोधत होती. माझ्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज काही नव्हतं. ते सांगायला मला तोंडच उघडता आलं नाही.

कोणीतरी हातगाडी आणली. ह्यांना तिच्यावर आडवं केलं, पायाला धोतर गुंडाळलं, आणि तीच गाडी ढकलत ते सगळे परळच्या इस्पितळाकडे धावले. मी बाजूने धावत होते. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

इस्पितळाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ह्यांना आत नेलं. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आला. तो इतका दमला होता की भिंतीला टेकून बोलला. "गोळी नाहीये हो बाई. पत्र्याने कापलंय. पोटरीला टाके घातलेत, डोक्याला मार आहे, पण शुद्धीवर आहेत." मला अर्थच लागेना. पत्रा कुठला? मग आत गेले तेव्हा ह्यांनीच सांगितलं. क्लिप निसटली होती. जोडकडी उघडली, सुटलेली चेन चाबकासारखी फिरली, तिने वरचं पत्र्याचं आवरण फाडलं आणि तोच पत्रा पायात घुसला. उरलेली चेन चाकात अडकली.

"मी मघापासून तेच सांगतोय," हे म्हणाले. "चेन गेली म्हणून."

मी खाली फरशीवर बसले. नवरा जिवंत होता, पण मला आनंद होईना. काहीच होईना. माझ्या साडीच्या काठाला चेनचं काळं तेल लागलं होतं, ते मी नखाने खरवडत राहिले.

अंधार पडता पडता मामंजी आले. गिरगावापासून परळपर्यंत ते चालत आले होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, टोपी मात्र हातात. मी त्यांना बोडक्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. ते खाटेपाशी आले, मुलाकडे बघितलं, आणि हसले. मोठ्याने, आवाज करून हसले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली. मग मामंजी माझ्याशेजारी फरशीवर बसले आणि त्यांनी तोंड टोपीत लपवलं. त्यांना वेड लागलं की काय, अशी मला भीती वाटली.

घरी काय झालं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या वाडीतल्या कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाने ह्यांना हातगाडीवर बघितलं होतं. त्याने गिरगावात येऊन सांगितलं, "लालबागला गोळी लागली. गेला." त्याने ते मनापासून, रडत रडत सांगितलं म्हणे. सासूबाईंनी ऐकलं आणि त्या जिथे होत्या तिथेच बसल्या. शेजारणी जमल्या. चूल पेटली नाही.

त्याच दिवशी ह्यांना टॅक्सीने घरी आणलं, काठी टेकत, दोन माणसांच्या आधाराने. सासूबाई दारासमोरच्या पाटावर बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "कोण आलंय?"

"आई, मी."

"कोण?"

हे खाली बसले. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि एकेक बोट चाचपून बघायला लागल्या. चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. चेचून काळं पडलेल्या नखापाशी त्यांचा हात थांबला, आणि मग त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की खालच्या मजल्यावरची माणसं जिना चढून वर आली.

त्या दिवसापासून सासूबाईंचं एकच म्हणणं, ती गाडी विका. लालबागच्या त्याच माणसांनी ती ढकलत आणून वाडीत उभी केली होती. मोडकी, चेन नसलेली. चेन त्यांनी वेगळी, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती. मी तिच्याजवळून जाताना श्वास रोखून धरायची. आणि मलाही वाटत होतं, विकावी.

आठवडा झाला असेल. मामंजी एका सकाळी कोट चढवून माझ्यासमोर उभे राहिले. "सूनबाई, ते हत्याराचं दुकान तू पाहिलं आहेस ना? चल."

"गाडी विकायची नाही का?" मी विचारलं.

"विकली तर हीच चेन दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या गाडीला लागेल," ते म्हणाले. "आधी नीट करू. मग तुम्हांला काय करायचं ते करा."

ट्रामने आम्ही गेलो. दुकानदाराने मला ओळखलं असावं. मामंजींनी त्याला सगळी हत्यारं काढायला लावली. लहान सुईचं होतं, पक्कडीसारखं दोन दांड्यांचं एक होतं, आणि ते जड, हातभर लांबीचं. खालच्या सुरात, कचेरीत फाइल मागावी तसं मामंजी म्हणाले, "प्रत्येकाने एकेक कडी तोडून दाखवा."

दुकानदाराने चेनचा एक जुना तुकडा घेतला. लहान हत्याराची सुई दुसऱ्याच पिनेला वाकली. दांड्यांच्या हत्याराने पिन निघाली, पण कडीची पट्टी तिरकी झाली. मोठ्या हत्याराने पिन सावकाश, सरळ बाहेर आली.

"आता जोडा."

त्याने टोक बदललं, नवी पिन घातली, स्क्रू आवळला. पिनेचं डोकं बटणासारखं पसरलं. मामंजींनी तो तुकडा हातात घेतला, ती कडी दोन्ही अंगठ्यांनी ओढली. नुसती ओढली नाही, सगळा जोर लावून ओढत राहिले. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. दुकानदार म्हणाला, "बस, शेट, हाताने नाय तुटत ती." तरी ते ओढत होते. मी त्यांच्या कोटाच्या बाहीला हात लावला, तेव्हा थांबले.

"हे द्या," त्यांनी सांगितलं.

"वजनी आहे. खिशात ठेवता येणार नाय."

"घरी ठेवायचं आहे."

ते कापडी पिशवीत घालून आम्ही बाहेर पडलो. थोडं चालल्यावर मामंजी एका बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"त्या दिवशी इस्पितळात मी विचारलं, लालबागहून आणलेला मुलगा, गोळी लागलेला. त्यांनी मला एका खोलीत नेलं. चादर घातलेली होती. मला म्हणाले, बघा. मी चादर उचलली."

मी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"आपला नव्हता. त्याच्याच वयाचा होता. मिशीही तशीच. पण आपला नव्हता. आणि सूनबाई, मला आनंद झाला. इतका आनंद मला तो जन्मला तेव्हाही झाला नव्हता. मी हसलोसुद्धा असेन. आणि मागे वळलो तर दारात एक म्हातारा उभा. माझी पाळी संपायची वाट बघत होता."

मामंजींनी टोपी काढली, परत घातली.

"चादर माझ्याच हातात होती. ती मी परत घालायला हवी होती. मला सुचलं नाही. त्याने तसंच बघितलं. मग मला म्हणाला, तुमचा भेटला? मी म्हटलं, नाही अजून. तर म्हणाला, भेटतलो, भेटतलो."

एवढं बोलून ते चालायला लागले. ट्राममध्ये मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या रविवारी चेन जोडली ती मी. ह्यांना पाय दुमडता येत नव्हता, आणि मामंजींनी असलं काम जन्मात केलेलं नव्हतं. मी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं. हे खुर्चीवर पाय लांब करून बसले आणि सांगत गेले. "कडी खाचेत सरळ बसली का बघ. आता फिरव. हळू." नवी आणलेली चेन जुन्या गाडीच्या मापाला तोडायची होती. पिन निघाली तेव्हा बारीकसा टक्‌ आवाज झाला, आणि माझ्या हातून हत्यार सुटलं. तो आवाज काहीच नव्हता, पण मला लालबागचा रस्ता दिसला.  मी हत्यार उचललं. मग गाडीच्या दातेरी चाकांवरून चेन घ्यायची म्हणून वाडीच्या दारात गेले, पदर खोचून धुळीत बसले, आणि शेवटच्या कडीचं रिव्हेट तिथे मारलं. वाडीतल्या बायका गॅलरीतून बघत होत्या. एक म्हणाली, "बाई बाई, काय हे!" सासूबाई वरून म्हणाल्या, "करू दे तिला." त्या गाडीविषयी त्या पहिल्यांदाच काही वेगळं बोलल्या.

ह्यांचा पाय बरा झाला. चालताना थोडा ओढायचा, तो शेवटपर्यंत. गाडी पुन्हा सुरू झाली त्या सकाळी मामंजी खाली उतरले आणि म्हणाले, "मला काळाचौकीला ने."

जन्मात फटफटीवर न बसलेला माणूस कोट सावरत मागे बसला. मी गॅलरीतून बघत राहिले. दुपारी दोघं परत आले. मामंजी सरळ आत जाऊन पडले. हे पायरीवर बसले, बूट न काढता, आणि मला सांगितलं.

मामंजींनी इस्पितळातच त्या म्हाताऱ्याचा पत्ता विचारून ठेवला होता. चाळीतल्या एका खोलीत तो आणि त्याची बायको. भिंतीला मुलाचा फोटो, हार सुकलेला. मामंजी दारात उभे राहिले. आपण कोण हे त्यांना सांगताच येईना. पण म्हाताऱ्याने ओळखलं. तो उठला, मामंजींच्या मागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्योच काय तुमचो झील? गावलो मा?"

"मला कळेचना, मी का आलो इथे," हे मला म्हणाले. "मला वाटलं तो रागावेल. त्याने मला आत बसवलं. पायाकडे बघितलं. विचारलं, गोळी? मी म्हटलं, नाही, गाडीची चेन तुटली. त्याने बायकोला हाक मारली. म्हणाला, ऐकलंस गो, ह्येका गोळी नाय लागली, चेन तुटली. आणि ती बाई, अगं, ती बाई हात जोडून देवाच्या तसबिरीला म्हणाली, बरां केलंस."

"आणि मामंजी?"

"बाबांना चहा दिला. तो त्यांच्या हातातच राहिला. येताना मात्र दोन्ही हातांनी माझी कंबर धरून बसले होते. लहान मूल धरतं तशी."

 मी त्यांचे बूट काढले.

पुढे राज्य मिळालं, मुंबईसकट. गिरगावात गुलाल उधळला, वाडीत पेढे वाटले. मामंजींनी आपल्या वाट्याचा पेढा तोंडात घातला नाही. आणखी थोडे मागून घेतले, कागदात बांधले, कोट चढवला आणि कोणाला काही न सांगता काळाचौकीच्या बसमध्ये बसले.